पातळ वाजणारं स्वस्त ओव्हरड्राइव्ह पेडल घरच्या घरी कसं सुधारायचं

परवा ओळखीतल्या एका पोराने विचारलं, दादा माझं गिटारचं पेडल जाम पातळ वाजतंय, सोलो ठीक वाटतो पण कॉर्ड मारली की सगळा दम निघून जातो, विकून महागातलं घेऊ का. मी म्हटलं थांब, आधी पाच रुपयांचा कंडेन्सर (म्हणजे कपॅसिटर) लावून बघू, नाहीच जमलं तर मग वीक. रविवारी तो पेडल घेऊन आला, दुपारच्या चहापर्यंत काम झालं, त्यातला अर्धा वेळ आम्ही स्क्रू कुठे घरंगळला ते शोधत होतो. त्यानंतर त्याच्या दोन मित्रांचेही मेसेज आले म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकतो. हातात कधी सोल्डरिंग आयर्न धरलं नसेल तरी चालेल, फक्त घाई करू नका.

ओव्हरड्राइव्ह पेडल गिटार आणि अँपच्या मधे बसून गिटारचा आवाज फाडतं, म्हणजे खरखरीत करतं. आधी हे पेडल आत काय करतं ते थोडक्यात, कारण ते कळलं की बाकीचं पाठ करावं लागत नाही. बाजारात स्वस्तात जी हिरवट रंगाची किंवा नावात ट्यूब नाहीतर व्हिंटेज असलेली ओव्हरड्राइव्ह पेडलं मिळतात त्यातली बरीचशी एकाच सर्किटची भावंडं असतात, आयबानेझच्या ट्यूब स्क्रीमरची. टीएस८०८ हे १९७० च्या दशकाच्या शेवटी आलेलं मॉडेल, टीएस९ आलं १९८२ मध्ये, आणि ब्लूज गिटारिस्ट स्टीव्ही रे वॉनने वापरल्यामुळे या पेडलचं नाव आणखी झालं. आत एक आठ पायांची आयसी म्हणजे चिप असते, तिच्यात दोन ऑपॅम्प (सिग्नल वाढवणारे छोटे ॲम्प्लिफायर), पहिला आवाज फाडतो आणि दुसरा टोनचं काम बघतो. पहिल्याच्या आजूबाजूला चार गोष्टी असतात, उलटसुलट लावलेले दोन डायोड, ड्राइव्हचा पॉट (नॉबखालचा फिरता रेझिस्टर), एक ४.७ के चा (के म्हणजे किलोओहम) रेझिस्टर आणि एक ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पेडलचा ऐंशी टक्के स्वभाव या चौघांत आहे असं माझं मत, आणि आपण हात घालणार तो यांनाच. बाकी बोर्डाकडे बघायचंसुद्धा नाही.

आता एक वाईट बातमी आधीच सांगतो. पेडल घेतलेलं नसेल तर घेण्याआधी आणि घेतलं असेल तर सोल्डरिंगचं सामान आणण्याआधी, मागचं झाकण उघडून आत बघा. पाय असलेले पार्ट दिसले, म्हणजे पाय बोर्डाच्या भोकातून आरपार जाऊन मागे सोल्डर केलेले, तर काम सोपं आहे. पण तांदळाच्या कणीएवढे काळे-तपकिरी तुकडे बोर्डावर चिकटवल्यासारखे दिसले तर ते एसएमडी, पहिल्यांदाच करणाऱ्याने त्याच्या नादी लागू नये. बोटभर लांबीची जी मिनी पेडलं येतात त्यात जवळपास नेहमी हेच असतं, आणि मोठ्या डब्यातल्या काही स्वस्त पेडलांतसुद्धा. एसएमडीवर काम होत नाही असं नाही, होतं, पण पहिलं पेडल म्हणून नको.

सामान. पुण्यात असाल तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जा, मुंबईत असाल तर ग्रँट रोडला लॅमिंग्टन रोड, बाकीच्यांनी गावातल्या टीव्ही रिपेअरवाल्याला विचारा तो माल कुठून आणतो, बहुतेकदा तोच दोन पीस काढून देतो. दुकानात जाऊन पुस्तकी नाव सांगत बसू नका. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा घरून कागदावर लिहून नेलं होतं, पॉइंट झीरो फोर सेव्हन मायक्रोफॅरड पॉलिएस्टर फिल्म कपॅसिटर, आणि ते मोठ्याने वाचून दाखवत होतो, काउंटरवरच्या काकांनी वरसुद्धा न बघता विचारलं, फोर सेव्हन थ्री कंडेन्सर पाहिजे का, आणि डब्यातून दहा काढून पुढे टाकले. तर भाषा अशी आहे. कपॅसिटर म्हणजे कंडेन्सर, रेझिस्टर म्हणजे रेझिस्टन्स, आणि कपॅसिटर त्याच्या अंगावरच्या कोडने मागायचा. २२३ म्हणजे ०.०२२, ४७३ म्हणजे ०.०४७, १०४ म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. पहिले दोन आकडे तसेच घ्यायचे आणि तिसरा आकडा म्हणजे पुढे किती शून्य, उत्तर पिकोफॅरडमध्ये, एवढंच गणित आहे.

या तिन्ही कोडचे चौकोनी बॉक्स टाइप कंडेन्सर पाच-पाच घ्या. ४.७ के आणि १० के चे रेझिस्टन्स दहा-दहा, १एन४१४८ डायोड दहा, लाल रंगाचे ३ एमएमचे एलईडी चार. फीमेल बर्ग स्ट्रिप (पार्टचे पाय खुपसायच्या छिद्रांची पट्टी) एक, ती कशाला ते पुढे सांगतो. हे सगळं मिळून शंभरच्या आसपास जातं. हत्यारांत २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न, सोल्ड्रॉनचं चालेल, माझं अजून तेच आहे, त्याला टोकदार बिट. ६०/४० ची बारीक सोल्डर वायर, जाडी नको, जाड वायरने बोर्डावर गोळेच्या गोळे पडतात. थोडी फ्लक्स पेस्ट, सोल्डर ओढायचा सकर, छोटा कटर आणि बीप वाजणारा मल्टिमीटर. मीटर घेताना कंटिन्युइटीला (दोन टोकं जोडलेली आहेत का ते तपासायची सेटिंग) बझर आहे ना ते दुकानातच दोन प्रोब एकमेकांना टेकवून ऐका, अगदी स्वस्तातल्या काही मीटरला तो नसतो आणि आपलं निम्मं काम बीपवर चालणार आहे.

आता लगेच पेडलवर तुटून पडू नका. घरात बंद पडलेला डीव्हीडी प्लेअर, जुना रेडिओ, सेट टॉप बॉक्स काहीतरी असतंच, तो फोडा (प्लगमधून काढून, आणि काढल्यावर एखादा दिवस तसाच ठेवून, मेनच्या बाजूच्या मोठ्या कंडेन्सरला तर हातच लावायचा नाही) आणि त्याच्या बोर्डावरचे वीस पार्ट काढून परत बसवा. पद्धत अशी, बिट तापला की ओल्या स्पंजवर पुसायचा आणि त्याला लगेच थोडं सोल्डर लावायचं, बिट चांदीसारखा चमकला पाहिजे, काळा बिट उष्णता देत नाही. मग बिट पार्टच्या पायाला आणि बोर्डाच्या पॅडला, दोघांना एकाच वेळी टेकवायचा, एक सेकंद थांबायचं, आणि सोल्डर वायर बिटला नाही तर पायाला लावायची. सोल्डर स्वतःहून पाण्यासारखं पसरतं, वायर काढा, मग बिट काढा, आणि दोन सेकंद काहीही हलवू नका. चांगला जॉइंट चकचकीत आणि पायाकडे चढत गेलेला दिसतो, बिघडलेला मळकट, दाणेदार आणि मण्यासारखा गोल. हा मण्यासारखा म्हणजे ड्राय सोल्डर, बघायला जोडलेला वाटतो आणि वाजवताना खर्रर्र करतो. पावसाळ्यात घरात पडून राहिलेल्या रेझिस्टन्सचे पाय काळवंडतात, अशा पायाला सोल्डर धरतच नाही, ब्लेडने हलकं खरवडून घ्या. खिडकी उघडी ठेवा, धूर नाकात घेऊ नका, सोल्डरमध्ये शिसं असतं म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुवायचे आणि काम करताना काही खायचं नाही.

वीस जॉइंट चकचकीत आले की पेडलकडे वळा. पण उघडण्याआधी वाजवून घ्या. हे सगळे टाळतात आणि मग नंतर फरक पडला की नाही यावर भांडत बसतात. ड्राइव्ह कमी, निम्मं आणि फुल अशा तीन सेटिंगवर तीच रिफ, तोच पिकअप, अँपची नॉब न हलवता, फोनवर रेकॉर्ड करा. एक मोकळी ई कॉर्ड, एक पाम म्यूट आणि वरच्या तारांवरचं एक बेंड, एवढं पुरे. कान आदल्या दिवशीचा आवाज लक्षात ठेवत नाहीत, आपल्याला वाटतं ठेवतात.

आता उघडा. ॲडॅप्टर काढा, बॅटरी काढा, दोन्ही जॅकमधल्या केबल काढा. स्क्रू एका वाटीत ठेवा (आमचा सोफ्याखाली सापडला). झाकण निघालं की आधी फोटो, चारी बाजूंनी, आणि वायरींचे रंग कुठे जातात ते दिसेल असे. बोर्ड बाहेर काढण्यासाठी वरचे नॉब आणि पॉटचे नट सोडवावे लागू शकतात, ताकद लावून ओढू नका, वायरी तुटतात त्या इथेच. काही पेडलांत झाकण काढलं की सोल्डरची बाजूच समोर येते, मग तर काही सोडवायचीच गरज नाही आणि तुमचं नशीब चांगलं आहे.

नकाशा काढायची पायरी आता, आणि माझ्या मते खरं मॉडिफिकेशन हेच, बाकी सगळी हमाली. प्रत्येक कंपनीच्या बोर्डावर पार्टांचे नंबर वेगळे असतात, त्यामुळे कुणी सांगितलं सी३ बदल तर तुमच्या बोर्डावरचा सी३ भलताच निघू शकतो. नंबरवर जाऊ नका, आयसीच्या पायांवर जा. आयसीवर एका टोकाला खाच किंवा ठिपका असतो. खाच वर धरली की डावीकडचा वरचा पाय १, खाली जात २, ३, ४, मग उजवीकडे खालून वर ५, ६, ७, ८. ४५५८ असो किंवा तिच्या जागी बसणारी दुसरी कुठली ड्युअल ऑपॅम्प, हा क्रम तोच. ४ ला मायनस म्हणजे ग्राउंड, ८ ला प्लस ९ व्होल्ट. पहिला ऑपॅम्प १, २, ३ वर आणि दुसरा ५, ६, ७ वर. आता सावध, बोर्ड उलटा केला की हे सगळं आरशातल्यासारखं उलटं होतं, खाच वर ठेवली तर १ नंबर उजवीकडे येतो. मी स्वतः यात फसलोय, पाऊण तास ८ नंबरला १ समजून मीटर लावत होतो आणि सर्किटच वेगळं आहे असं ठरवून मोकळा झालो होतो. मार्करने बोर्डाच्या मागे १ नंबरच्या पायाशेजारी एक ठिपका द्या.

मीटर बझरवर ठेवा. काचेचे छोटे नारिंगी डायोड शोधा, काळा पट्टा असलेले. ज्या दोन डायोडचे पाय आयसीच्या १ आणि २ ला बीप देतात (एक डायोड सरळ, दुसरा उलटा) तेच आवाज फाडणारे. काही बोर्डांवर ऑपॅम्पची अदलाबदल केलेली असते, मग ते ६ आणि ७ वर सापडतील, तर पुढे मी २ म्हणेन तिथे तुम्ही ६ समजा. आता २ नंबरच्या पायापासून पुढे चला. तिथून एक रेझिस्टर निघतो, रंग पिवळा, जांभळा, लाल म्हणजे ४.७ के, पाच पट्ट्यांचा मेटल फिल्म असेल तर पिवळा, जांभळा, काळा, तपकिरी. त्याच्या दुसऱ्या टोकाला ४७३ लिहिलेला कंडेन्सर, आणि त्या कंडेन्सरचं दुसरं टोक ग्राउंडला, म्हणजे जॅकच्या बाहेरच्या धातूला बीप. कधी या दोघांची जागा उलटी असते, आधी कंडेन्सर मग रेझिस्टर, त्याने काही बिघडत नाही. सापडले की फोटोवर गोल करून ठेवा.

या जोडीचं काम काय. ४.७ के आणि ०.०४७ मिळून एक रेषा आखतात, ती येते साधारण ७२० हर्ट्झवर. त्याच्या वरचे स्वर पूर्ण जोराने फाडले जातात, खाली जावं तसं कमी कमी. आता गिटारचं बघा, सहावी तार मोकळी ८२ हर्ट्झ, पहिली तार मोकळी ३३०, तीच बाराव्या फ्रेटवर ६६०. म्हणजे बाराव्या फ्रेटपर्यंतचे मूळ स्वर सगळे त्या रेषेच्या खालीच! तरी वाजतं कारण बेस कापला जात नाही, तो न फाटता स्वच्छ पुढे जातो, फाटतात ते वरचे हार्मोनिक. सोलो बँडमध्ये उठून दिसतो तो यामुळेच आणि एकट्याने खोलीत कॉर्ड वाजवली की पातळ वाटते तीही यामुळेच. त्या पोराची तक्रार अगदी खरी होती, पण पेडल बिघडलेलं नव्हतं, ते जसं बनवलंय तसंच वाजत होतं.

रेषा खाली आणायची तर कंडेन्सर मोठा करायचा. सगळे सांगतात जुना काढा आणि नवीन लावा, मी सांगतो काढूच नका. दोन कंडेन्सर शेजारी शेजारी म्हणजे पॅरलल लावले की त्यांची सरळ बेरीज होते, मग जुन्याच्याच दोन जॉइंटवर मागच्या बाजूने नवीन चिकटवला की झालं, काही उपटायचं नाही, पॅड उखडायची भीती नाही, आणि आवडलं नाही तर नवीन काढला की पेडल पहिल्यासारखं. २२३ लावलात तर रेषा ४९० हर्ट्झच्या आसपास येते, ४७३ लावलात तर ३६० आणि १०४ लावलात तर २३०. सिंगल कॉइल पिकअपवाल्यांना बहुतेक ४७३ आवडतो. हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) असेल तर २२३ वरच थांबा, नेक हंबकर आणि १०४ म्हणजे नुसती भरडलेली डाळ, खालच्या दोन तारा एकमेकांत मिसळून जातात.

सोल्डर मारण्याआधी ऐकून बघता येतं, हा भाग मला सगळ्यात आवडतो. पेडल उघडंच ठेवून गिटार, अँप आणि बॅटरी जोडा, बोर्ड कागदावर ठेवा म्हणजे खाली कशाला टेकणार नाही. एकाने गिटार वाजवायची, दुसऱ्याने प्लास्टिकच्या चिमट्याने कंडेन्सर धरून त्याचे दोन पाय त्या दोन जॉइंटवर टेकवायचे. बोट पायाला लागलं तर अँप घूं करेल, घाबरू नका, नऊ व्होल्टने काही होत नाही. टेकवला की आवाजाला खालून अंग येतं, उचलला की परत पातळ. त्या पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पाच-सहा वेळा टेकवून उचलून बघितलं त्याने. तिन्ही कंडेन्सर असे ऐका, आणि ज्या अँपवर रोज वाजवता त्याच अँपवर ऐका. छोट्या आठ इंची प्रॅक्टिस अँपवर जे भरदार वाटतं ते मोठ्या अँपवर गढूळ वाटू शकतं.

ठरलं की केबल आणि बॅटरी परत काढा. कंडेन्सरचे पाय वाकवून बरोबर दोन जॉइंटवर पोचतील असे करा, लांबी जास्त असेल तर कापा, मधे दुसऱ्या कशाला लागत असतील तर वायरवरची सोललेली प्लास्टिकची नळी घाला. पायांना आधीच थोडं सोल्डर लावून घ्या. मग पाय जुन्या जॉइंटवर ठेवा, वरून बिट, दोन सेकंद, जुनं सोल्डर वितळून पाय आत बसतो. दुसऱ्या टोकाचं तसंच. या फिल्म कंडेन्सरला प्लस-मायनस नसतं त्यामुळे कुठलाही पाय कुठेही चालतो. पहिलं मॉडिफिकेशन झालं. खरं सांगायचं तर दहातल्या सात जणांनी इथेच थांबावं.

ज्यांना अजून ड्राइव्ह पाहिजे त्यांच्यासाठी. मूळ सर्किटमध्ये ड्राइव्ह पॉट ५०० के आणि त्याच्या सोबत ५१ के असतो, त्याला खालच्या ४.७ के ने भागायचं आणि एक मिळवायचा, म्हणजे ड्राइव्ह शून्यावर सिग्नल साधारण १२ पट आणि फुलवर ११८ पट वाढतो. ४.७ के कमी केला की पट वाढते. इथेही काढायची गरज नाही, रेझिस्टर पॅरलल लावले की किंमत उतरते. ४.७ के वर १० के चढवला की होतो ३.२ के, ड्राइव्ह १७ ते १७३ पट. ४.७ वर ४.७ च चढवला की २.३५ के, मग २३ ते २३५ पट, पण एवढ्याने ड्राइव्ह शून्यावरसुद्धा पेडल स्वच्छ राहत नाही आणि सूं सूं आवाजही वाढतो, मला १० के वाला बरा वाटतो. एक लक्षात ठेवा, हा रेझिस्टर आणि कंडेन्सर जोडीने रेषा आखतात, एकालाही हलवलं की रेषा हलते. नुसता रेझिस्टर कमी केलात तर रेषा वर सरकते, बेस कमी झालेला नसतो पण वरचं सगळं वाढतं आणि पेडल आणखी पातळ वाटतं. मग लोक म्हणतात मॉड फसलं. तर आधी कंडेन्सर, मग रेझिस्टर.

डायोड. याच्यावर मात्र मजा करता येते. मूळचे दोन्ही सिलिकॉन, साधारण ०.६ व्होल्टला उघडतात आणि सिग्नलचं डोकं वरून खालून सारखंच कापतात. तीन प्रकार करून बघण्यासारखे. एका बाजूला एकाच्या जागी दोन डायोड एकामागे एक लावायचे, म्हणजे एक बाजू ०.६ ला आणि दुसरी १.२ ला कापली जाते, आवाज थोडा उघडा, थोडा खरखरीत होतो, बॉस कंपनीच्या एसडी-१ पेडलमध्ये कारखान्यातूनच असे दोन आणि एक डायोड येतात. दुसरा, दोन्हीच्या जागी लाल एलईडी, ते १.७ व्होल्टच्या आसपास उघडतात, म्हणून व्हॉल्यूम एकदम वाढतो आणि पिकिंगचा जोर जास्त कळतो, पण ड्राइव्ह कमी झाल्यासारखं वाटतं. एलईडी चमकतील या आशेवर राहू नका, चमकले तरी अंधारात अगदी मिणमिणते. तिसरा, दोन्ही डायोड काढूनच टाकायचे, मग ऑपॅम्प स्वतःच नऊ व्होल्टच्या भिंतीवर जाऊन आपटतो, प्रचंड मोठा आणि कर्कश, आधी पेडलचा व्हॉल्यूम खाली घ्या, शेजाऱ्यांचा विचार करा.

इथे मात्र जुने पार्ट काढावे लागतात. डायोडच्या एका जॉइंटला बिट लावून सोल्डर वितळवा, सकर दाबून ठेवलेला असू दे, टोक अगदी जवळ नेऊन बटण दाबा. एका फटक्यात निघालं नाही तर तापवत बसू नका, उलट ताजं सोल्डर थोडं घाला, पेस्ट लावा आणि पुन्हा सकर. मी माझ्या पहिल्या पेडलला नेमकं तेच केलं होतं, डायोड निघत नाही म्हणून बिट दाबून धरला आणि पक्कडीने ओढला, डायोड आला आणि त्याच्यासोबत तांब्याचा पॅड पापुद्र्यासारखा उचलला गेला. रात्री अकरा वाजता. नंतर रेझिस्टरचा कापलेला पाय ट्रॅकवर पूल म्हणून टाकून ते चालू केलं, अजून चालतं, पण त्या रात्री झोप नाही. पॅड उखडलाच तर हाच उपाय, ट्रॅक कुठे जातो ते बीपने शोधा आणि वायरीने तिथपर्यंत न्या.

डायोड निघाले की त्यांच्या भोकांत नवीन डायोड थेट सोल्डर करू नका, फीमेल बर्ग स्ट्रिपचे दोन-दोन छिद्रांचे तुकडे कापून त्यांना छोट्या वायरी लावून बसवा. मग डायोड सॉकेटमध्ये खुपसायचे, वाजवायचे, काढायचे, दुसरे खुपसायचे, सोल्डरिंग आयर्न बंद. आठवडाभर असंच वाजवा आणि आवडलेले मग कायमचे सोल्डर करा, कारण सॉकेटमध्ये बारीक पाय सैल बसतात आणि पायाने पेडल दाबता दाबता एक दिवस निघतात. डायोडचा पट्टा बघा, एकाचा पट्टा जिकडे, दुसऱ्याचा त्याच्या विरुद्ध, दोन्ही एकाच दिशेला लावले तर सिग्नलची एकच बाजू कापली जाईल. एलईडीला लांब पाय प्लस, कापण्याआधी बघून घ्या.

आता आयसी. लोक मला सगळ्यात जास्त हेच विचारतात, जेआरसी ४५५८ टाकू का, जुनी ओरिजिनल. नको. तुमच्या पेडलमध्ये बहुतेक ४५५८ च कुठल्या तरी कंपनीची आहे, आणि जुन्या म्हणून चढ्या भावाने विकतात त्यातल्या खऱ्या किती हे विकणाऱ्यालाच माहीत. मी एकदा सॉकेट लावून ४५५८, टीएल०७२ आणि एनई५५३२ आलटून पालटून मित्राला पाठमोरं बसवून ऐकवल्या, त्याने आत्मविश्वासाने सांगितलेली तीनही उत्तरं चुकली, मग मी पाठमोरा बसलो आणि माझीही दोन चुकली. वर आठ पायांची आयसी काढणं हे या सगळ्यातलं सर्वात धोक्याचं काम. पॅड उखडण्याची एवढी छान संधी दुसरीकडे मिळणार नाही. बोर्डावर आधीच सॉकेट असेल तर खुशाल खेळा. आउटपुटचे दोन रेझिस्टर बदलून टीएस९ चं टीएस८०८ करतात त्याचंही तसंच, तिथे ४७० ओहमचा १०० आणि १०० के चा १० के होतो, बदल करायला सोपा आणि ऐकायला जवळपास काहीच नाही.

झाल्यावर आवाजच आला नाही तर घाम फुटू देऊ नका. बायपासमध्ये (म्हणजे पायाने पेडल बंद करून) आवाज येतोय का ते आधी बघा, येत असेल तर जॅक आणि केबल ठीक, भानगड बोर्डावर. मग बॅटरी लावा, इनपुटला केबल खुपसा (इनपुट जॅकच बॅटरीचा स्विच असतो, केबल नसेल तर पेडल बंदच, यात किती जणांनी तासन् तास घालवलेत), मीटर २० व्होल्ट डीसीवर, काळा प्रोब ग्राउंडला, आणि आयसीचे पाय एकेक मोजा. ८ ला ९ च्या आसपास, ४ ला शून्य, आणि बाकी सहा पायांवर साधारण ४.५. एखाद्या पायावर एकदम ८ किंवा शून्य आलं तर त्याच्या आसपास दोन जॉइंटमध्ये सोल्डरचा पूल झालाय, भिंगाने बघा, कटरच्या टोकाने जॉइंटच्या मधून एक रेघ ओढा. सगळे पाय ठीक आणि आवाज खरखरतो तर ड्राय सोल्डर, तुम्ही हात लावलेले जॉइंट पेस्ट लावून पुन्हा वितळवा. एखादं झालंय असं वाटतं पण नक्की कळत नाही तर पेन्सिलच्या मागच्या टोकाने पार्ट हळूच ढकलून बघा, ज्याला ढकललं की खर्र होतं तो गुन्हेगार.

पॉवरबद्दल एकच. या पेडलना ९ व्होल्ट डीसी लागतो आणि पिनचा मधला भाग मायनस असतो. घरात पडलेले राउटरचे आणि सीसीटीव्हीचे ॲडॅप्टर बहुतेक १२ व्होल्टचे आणि मधे प्लस, पिन मात्र तीच, छान बसते. एका ओळखीच्याने असा लावला आणि वास आल्यावर मला फोन केला. टेस्टिंग होईपर्यंत साधी बॅटरीच वापरा. आणि या सगळ्याने हुरूप येऊन अँप उघडायला जाऊ नका, ट्यूब अँपमध्ये शेकडो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही आत राहतात.

शेवटी झाकण लावताना बघा, तुम्ही मागच्या बाजूला चिकटवलेला कंडेन्सर धातूच्या झाकणाला टेकतोय का. उघडं असताना झकास वाजणारं पेडल झाकण लावल्यावर मुकं होतं ते यामुळे. झाकणाच्या आतून जाडसर पुठ्ठा किंवा दोन थर इन्सुलेशन टेप लावा. स्क्रू चारही लावा, तीन नाही. मग ती आधीची रिफ त्याच नॉबवर पुन्हा रेकॉर्ड करून दोन्ही लागोपाठ ऐका. आणि झाकण लावण्याआधी आतल्या बाजूला मास्किंग टेपची पट्टी लावून त्यावर पेनने लिहून ठेवा, काय लावलं, कशावर लावलं आणि तारीख. त्या पोराच्या पेडलमध्ये मी लिहिलंय: ४७३ वर ४७३, डायोडला हात लावलेला नाही.